वजनावरून माप, लाटेवरून आकार

घरात येणाऱ्या वस्तूंची निवड कशी करावी, हा या सदराचा नेहमीचा विषय आहे. वस्तू कोणतीही असो, ‘चांगली कोणती?’ एवढ्याच प्रश्नाने काम भागत नाही. ‘कोणास आणि कोठे चांगली?’ असे विचारल्यावाचून उत्तरास आरंभच होत नाही. या महिन्यात आमच्यापुढे आलेला प्रश्न वरकरणी आपल्या नेहमीच्या विषयांपासून फार दूरचा दिसेल. परंतु ज्या घरांतील मुले व लेकीसुना आज सिडनी किंवा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर संसार थाटून आहेत, त्या घरांस तो तितकासा दूरचा वाटणार नाही.

सिडनीस आपल्या चिरंजीवांकडे राहावयास गेलेल्या एका वाचकभगिनी लिहितात की, त्यांची सोळा वर्षांची नात फळी घेऊन लाटांवर स्वार होण्याचा खेळ, म्हणजे सर्फिंग, शिकत आहे. तिचे वजन ४८ किलो. फळी तिच्या अंगाजोगी नवी घेतली; परंतु फळीच्या बुडाशी बसवावयाचे पर मात्र काटकसर म्हणून थोरल्या भावाचेच बसविले. भावाचे वजन ८५ किलो. आता फळी सरळ धावते, पण मनाजोगी वळत नाही. ‘हा खेळ आपल्या हाडापेराच्या मुलींचा नव्हेच,’ असे म्हणून मुलीने समुद्रावर जाणे सोडण्याचे मनात आणले आहे. आजी विचारतात, दोष खरोखरच नातीच्या अंगकाठीचा आहे काय?

उत्तर आधी देतो व कारणे मागाहून सांगतो. पत्रात दिलेली हकीकत पाहता, पहिला संशय अंगकाठीवर न घेता परांवर घ्यावा.

इंग्रजीत ज्यास फिन म्हणतात, त्यास माशाच्या अवयवावरून आम्ही येथे पर म्हणत आहो. हवाई बेटांतील जुन्या लाकडी फळ्यांना पर नसत. फळी वळवावयाची झाल्यास स्वार मागचा पाय पाण्यात ओढीत असे. १९३५ साली टॉम ब्लेक याने वायकीकी येथे एका टाकून दिलेल्या मोटारहोडीच्या बुडाची धातूची पट्टी काढून आपल्या फळीस बसविली, आणि शेपटीचे आडवे घसरणे थांबले. आज पर दोन कामे करतात. फळीची शेपटी ते घसरू देत नाहीत, आणि स्वाराने वळताना पायाने दिलेला दाब पाण्यावर रेटून त्यातून पुढची गती काढतात. वल्हे पाण्यास रेटते म्हणून होडी पुढे जाते, तसाच काहीसा हा प्रकार समजावा.

आता हा रेटा येतो कोठून? स्वाराच्या वजनातून व पायांतून. पर मोठा असेल तर त्याची पाण्यावरील पकड घट्ट असते व ती सोडवून फळी वळविण्यास बळ अधिक लागते. हलक्या माणसाखाली मोठे पर दिले, तर फळी रुळांवरून चालल्यासारखी सरळच जाते. उलट भारदस्त माणसाखाली अगदी लहान पर दिले, तर वळणाच्या ऐन क्षणी शेपटी निसटते. म्हणून पर बनविणारे कारखाने वजनावरून मापे ठरवितात. बाजारात सर्वत्र आढळणाऱ्या एका तक्त्याप्रमाणे ५५ किलोच्या आतील माणसास अतिलहान, ५५ ते ७० किलोस लहान, ६५ ते ८० किलोस मध्यम, ७५ ते ९० किलोस मोठे व ८५ किलोंच्या वर अतिमोठे माप सांगितलेले असते. ही मापे एकमेकांत थोडी शिरतात, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. जो मनुष्य दोन मापांच्या सीमेवर आहे, त्याने लाटा जोरकस असल्यास मोठे माप व मवाळ असल्यास लहान माप घ्यावे.

या तक्त्यात ४८ किलोची मुलगी पहिल्या ओळीत बसते आणि तिचा भाऊ शेवटच्या दोन ओळींच्या सीमेवर. थोरल्याचा सदरा धाकट्याने वापरावा, ही आपल्या एकत्र कुटुंबातील काटकसर योग्यच आहे. सदरा ढगळ झाला तर फार तर चारचौघे हसतील. परंतु थोरल्याचा चष्मा आपण धाकट्यास लावीत नाही. पर चष्म्याच्या जातीचे आहेत. तेव्हा आजीबाईंनी नातीस अतिलहान मापाचे तीन पर आणून द्यावे व महिनाभर तरी तिला पाण्यात जाऊ द्यावे, मगच काय तो निर्णय घ्यावा. एका संचाचा खर्च वाचविण्यासाठी मुलीच्या मनात स्वतःच्या शरीराविषयी कायमची अढी बसू देणे, हा फार महागाचा व्यवहार होय.

अंगकाठीची अडचण दिग्गजांनाही चुकलेली नाही. ऑस्ट्रेलियातील मार्क रिचर्ड्स हा दोन परांच्या फळीवर १९७९ ते १९८२ अशी लागोपाठ चार वर्षे जगज्जेता ठरला. साहजिकच जो तो दोन परांची फळी घेऊ लागला. त्याच देशातील सायमन अँडरसन हा मोठ्या चणीचा, धिप्पाड गडी. दोन परांची फळी जोरकस लाटेत त्याच्या पायाखालून निसटे. त्याने आपल्या शरीरास दोष दिला नाही, की जगज्जेत्याची नक्कलही चालू ठेवली नाही. १९८० साली त्याने मागे मध्यभागी तिसरा पर बसवून फळी तयार केली, आणि १९८१ साली बेल्स बीच येथील प्रचंड लाटांत त्याच फळीवर स्पर्धा जिंकली. आज जगात सर्वाधिक दिसणारी रचना ती हीच. अँडरसनने तिचे पेटंट घेतले नाही, म्हणून ती कोणासही मोकळेपणाने वापरता आली.

येथवर मापाचा विचार झाला. आता आकाराचा. माप जसे अंगावरून ठरते, तसा आकार बव्हंशी आपल्या किनाऱ्याच्या लाटेवरून ठरवावा. परामध्ये चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, बुडाची लांबी: बूड लांब असेल तर दाब देताच फळी पुढे झेपावते. दुसरी, उंची: पर जितका खोल, तितकी पकड अधिक. तिसरी, मागे कललेपणा: पर मागे फार कललेला असेल तर वळणे लांबलचक व स्थिर होतात, उभट असेल तर आखूड व चटकन होतात. चौथी, लवचीकपणा: ताठ पर दाबास तत्काळ उत्तर देतो, लवचीक पर वाकून पुन्हा उसळी देतो. बाजूच्या परांचा आतला पृष्ठभाग बहुधा सपाट व बाहेरचा फुगीर असतो. मधला पर दोन्हीकडून सारखा फुगीर असतो. म्हणून उजवा, डावा व मधला यांची अदलाबदल करू नये.

उंच, उभ्या व पोकळ होऊन कोसळणाऱ्या लाटेत वेग लाटच देते. तेथे हवी असते पकड. अशा पाण्यात ताठ, मागे कललेले व थोडे मोठे पर कामास येतात. लहान व मवाळ लाटेत पकडीची चणचण नसते, गतीची असते. तेथे उभटसर पर किंवा मधला पर वगळून दोनच पर असलेली आखूड, रुंद फळी बरी. कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे स्टीव्ह लिस याने १९६७च्या सुमारास केलेली, माशाच्या शेपटीसारखी दुभंगलेली फळी याच जातीची. तिचे दोन पर लांब बुडाचे व ठेंगणे असतात. चार परांची रचना वेगवान असते व तिची पकडही चांगली. मात्र मध्यभागी टेकू नसल्याने तिचे वळण निराळे लागते. वायकीकीसारख्या लांब, सौम्य लाटेवर नऊ-दहा फुटांची फळी शोभते व तिला एकच मोठा पर असतो. जितके फूट फळी, साधारण तितके इंच पर, हा तेथील जुना ठोकताळा आहे. हा पर बहुधा खाचेत पुढेमागे सरकविता येतो: पुढे घेतल्यास फळी सहज वळते, मागे घेतल्यास स्थिर राहते.

आपल्याकडील किनाऱ्यांचेही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण मंगळूरजवळील मुल्की, चेन्नईजवळील कोवळम व गोव्याचा उत्तर किनारा येथे हा खेळ आता चांगला रुजला आहे. गोव्यास पावसाळा सरल्यावर लाटा बहुधा लहान व वाळूवर फुटणाऱ्या असतात. अशा ठिकाणी नवशिक्याने मोठी, मऊ पृष्ठभागाची फळी व तिच्याबरोबर येणारे प्लास्टिकचे बोथट पर यांवरच शिकावे. महागडे पर घेण्याची घाई करू नये. भर पावसाळ्यातील खवळलेल्या अरबी समुद्रात नवशिक्याने उतरू नये. त्या पाण्यावर कोणताही पर हा उपाय नाही.

खरेदी करताना फळीतील खाचा कोणत्या पद्धतीच्या आहेत, हे प्रथम पाहावे. दोन कंपन्यांच्या पद्धती विशेष प्रचलित आहेत व एकीचे पर दुसरीच्या खाचेत बसत नाहीत. स्क्रू बहुधा षट्कोनी किल्लीने आवळावयाचे असतात. ते बेताने आवळावेत, नाहीतर आटे जातात. प्रवासास निघताना पर काढून कापडात गुंडाळावेत. घरात लहान मुले असतील तेथे पर लावलेली फळी ओसरीत उभी करून ठेवू नये, कारण काचतंतूच्या पराची कड चांगलीच कापते. पाण्यातही स्वतःच्याच फळीचा व परांचा मार लागणे हे या खेळातील जखमांचे एक मोठे कारण आहे. पडल्यावर वर येताना दोन्ही हातांनी डोके झाकून यावे, ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी. नवशिक्याने परांच्या कडा रबरी घेतल्यास अधिकच उत्तम.

शेवटी एक पथ्य. फळी, पर व किनारा ही तिन्ही एकदम बदलू नयेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, निदान पाच-सहा वेळा पाण्यात जाऊन यावे, आणि लाटेची उंची, वारा, भरती-ओहोटी व फळीचे वागणे एका वहीत टिपून ठेवावे. पाककृतीत मीठ व तिखट एकाच दिवशी बदलले तर चव कशाने बिघडली हे कळत नाही, हे आमच्या गृहिणींस सांगावयास नकोच. मुल्की, कोवळम किंवा परदेशातील किनाऱ्यांवर ज्यांची मुले-मुली हा खेळ खेळतात, त्यांनी अशी टिपणे आमच्याकडे अवश्य पाठवावीत. स्वाराचे वजन, परांचे माप व लाटेचा स्वभाव ही तिन्ही त्यांत असावीत, म्हणजे इतर घरांसही त्यांचा उपयोग होईल.