वीस हजार माणसे आणि मधली नदी

सार्वजनिक आरोग्याच्या नियोजनात जीआयएस, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली, वापरा म्हटले की ठरलेला प्रश्न येतो: डॉक्टरच नाहीत, तिथे नकाशे घेऊन काय करायचे? प्रश्न रोखठोक आहे आणि अर्धा खराही. रिकामी खुर्ची नकाशाने भरत नाही. पण आधी कुठली भरायची, हे ठरवायचे कशावर? आज ते मुख्यतः लोकसंख्येवर ठरते. सपाटीवर 30,000 माणसांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागात 20,000 मागे. या हिशेबात नदी नाही, घाट नाही, पावसाळाही नाही.

गडचिरोलीतले भामरागड घ्या. तिथे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. पर्लकोटेच्या पुराने पावसाळ्यात तालुक्याचा संपर्क तुटण्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. कागदावरचे किलोमीटर मे महिन्यात जेवढे, तेवढेच ऑगस्टमध्ये. अडलेल्या बाळंतिणीला मात्र दवाखाना दुसऱ्याच जिल्ह्यात गेल्यासारखा वाटतो. रस्ता, चढ, नाले, पूल यांचे थर एकमेकांवर ठेवून प्रत्येक पाड्यापासून दवाखान्यापर्यंतचा वेळ काढता येतो, आणि उन्हाळ्याचा वेगळा, पावसाळ्याचा वेगळा. त्यासाठी क्यूजीआयएस आणि जागतिक आरोग्य संघटनेचे ॲक्सेसमॉड फुकट मिळतात, त्यामुळे सॉफ्टवेअरच्या खर्चाची सबब टिकत नाही.

दुसरा पूर्वपक्ष जास्त आदराने ऐकावा असा आहे: आशाताईंना सगळे ठाऊक असते, उपग्रह कशाला? असतेच ठाऊक. पण ते त्यांच्या वहीत राहते. आराखडा जिल्ह्याच्या गावी होतो. शिवाय जी वस्ती कुणाच्याच यादीत नाही, तिची आशा कोण? उत्तर नायजेरियात पोलिओची पथके हाताने काढलेल्या नकाशांवर फिरत. 2012 पासून उपग्रहचित्रांवरून वस्त्या नोंदवायला घेतल्या, तेव्हा यादीबाहेरच्या कितीतरी सापडल्या. आपल्याकडचे ऊसतोडीचे फड आणि वीटभट्ट्या याच जातीच्या: हंगामापुरत्या वसणाऱ्या.

नकाशाच्या भक्तांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. डॉक्टर जॉन स्नोने नकाशा काढला, दूषित पाण्याचा पंप सापडला आणि लंडनचा कॉलरा थांबला, ही कथा फार गोड करून सांगितली जाते. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा 8 सप्टेंबर 1854 रोजी काढला, तेव्हा साथ आधीच ओसरू लागली होती. पाण्यावर त्याचा संशय जुना होता, तो घरोघर चौकशी करत हिंडला, आणि नकाशा मागाहून आला. त्याच्या एका नकाशावर मात्र मला हेवा वाटावा अशी एक रेघ आहे: ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि दुसरा पंप गल्ल्यांतून चालत गेल्यास जिथून सारखेच दूर पडतात, त्या ठिकाणांची. त्याने चालण्याचे अंतर मोजले. आपण अजून कंपासने वर्तुळे मारतो.

म्हणून माझा पक्ष सशर्त आहे. किलोमीटर नको, वेळ हवा. नकाशा आशाताईंनी तपासून दुरुस्त केलेला हवा. आणि रुग्णाचे घर त्यावर जाहीरपणे दिसता कामा नये. करोनाकाळात दारावर चिकटवलेल्या पाट्यांचा त्रास अनेकांना आठवत असेल. पुढच्या उपकेंद्राचा प्रस्ताव आला की जिल्हा परिषदेच्या सदस्यांनी ऑगस्टमधल्या प्रवासवेळेचा नकाशा मागावा, आणि तो जोडलेला नसेल तर प्रस्ताव परत पाठवावा.