कीड औषधाला सरावत नाही

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील मका, सोयाबीन, टोमॅटो वा द्राक्ष यांवरील फवारणी फसली की तिची दोन कारणे हमखास सांगितली जातात: एक तर औषध बनावट निघाले, नाही तर किडीला औषधाची सवय झाली. पहिले कारण कधीकधी खरेही असते आणि त्याचा निवाडा प्रयोगशाळेत नमुना तपासून करता येतो. दुसरे कारण मात्र मुळातच चुकीचे आहे, आणि त्यातून निघणारा मात्रा वाढवण्याचा उपाय त्याहून चुकीचा आहे.

पूर्वपक्ष असा की, दारू पिणाऱ्याला जशी उत्तरोत्तर अधिक दारू लागते, तशी अळीही थोड्याथोड्या विषाने कणखर होते आणि तो कणखरपणा पुढच्या पिढीला देते. यात सत्याचा अंश आहे, तो एवढाच की विषाचा अल्प अंश पोटात गेल्यावर ते मोडणारी विकरे, म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, काही काळ अधिक तयार होतात. परंतु ही वाढ सामान्यतः त्या अळीपुरती आणि तात्पुरती असते. पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा प्रतिकार जनुकातील बदलातून, म्हणजे उत्परिवर्तनातून येतो, आणि हा बदल विषाची वाट पाहत नाही. ऑस्ट्रेलियात मेंढ्यांना उपद्रव देणाऱ्या एका माशीचे, मॅलॅथिऑन वापरात येण्यापूर्वी टाचणीला टोचून संग्रहात ठेवलेले नमुने संशोधकांनी तपासले, तेव्हा मॅलॅथिऑनला प्रतिकार देणारा बदल त्या वाळक्या माश्यांतच सापडला. डायझिनॉनला प्रतिकार देणारा बदल मात्र त्यांत नव्हता. म्हणजे काही बदल आधीपासून असतात व काही मागाहून घडतात. दोन्ही बाबतींत विषाचे काम निवडीचे आहे, निर्मितीचे नव्हे.

या दोन जिल्ह्यांनी याचे प्रत्यंतर स्वतःच्या पिकांवर पाहिले आहे. अमेरिकन लष्करी अळी मे 2018 मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात आढळली आणि त्याच वर्षी सांगली जिल्ह्यात मक्याच्या पोंग्यात, इतकेच नव्हे तर उसावरही दिसली. आफ्रिका व आशियात पसरलेल्या या अळीच्या नमुन्यांत ॲसिटिलकोलिनएस्टरेज या विकराच्या जनुकात असे बदल आढळले आहेत, की ज्यांमुळे ऑर्गॅनोफॉस्फेट व कार्बामेट गटांतील कीटकनाशके त्या विकराला पुरेशी घट्ट चिकटू शकत नाहीत. ही अळी अमेरिका खंडातून बाहेर पडताना असा प्रतिकार रक्तात घेऊनच निघाली असेल, तर इकडच्या शेतकऱ्याने कमी मात्रा फवारून तिला ‘शिकवले’ हा आरोप त्याच्यावर उगाच आहे.

निवड किती वेगाने होते याचा हिशेब साधा आहे. समजा, एक लाख अळ्यांत दहा प्रतिकारक्षम आहेत आणि औषध बाकीच्यांतील शेकडा 99 मारते. मग उरतात सुमारे हजार साध्या व दहा प्रतिकारक्षम. दहा हजारांत एक असलेले प्रमाण एका फवारणीत शंभरात एकावर आले. मिलनातून होणारी सरमिसळ वगळली, तर पुढच्या पिढीवरील तशाच फवारणीनंतर ते निम्म्यावर येते. शेतकऱ्याला फरक जाणवतो तो इथे, आणि तोवर वेळ गेलेली असते.

मात्रा वाढवण्याच्या बाजूने एक शास्त्रीय युक्तिवाद आहे व तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल: मात्रा पुरेशी मोठी असेल, तर आईबापांपैकी एकाकडूनच प्रतिकाराचे जनुक मिळालेल्या अळ्याही मरतात. हे खरे, पण त्यासाठी शेजारी न फवारलेले पीक आणि सर्व काळ सारखी मात्रा लागते, आणि फवारलेले औषध तर ऊन, पाऊस आणि पानांच्या वाढीने रोज विरत जाते.

खरा उपाय म्हणजे औषधाचा गट, म्हणजे किडीवर काम करण्याची त्याची पद्धत, बदलणे, आणि त्यातही बाजारात सहज फसवणूक होते. क्लोरँट्रानिलिप्रोलचे भारतातील पेटंट 2022 मध्ये संपल्यावर तेच रसायन अनेक व्यापारी नावांनी विकले जाऊ लागले. ते आणि फ्लुबेंडिअमाइड हे दोन्ही 28 क्रमांकाच्या एकाच गटातले असून अळीच्या स्नायूंतील रायनोडिन ग्राही या, कॅल्शियम सोडणाऱ्या, प्रथिनावर काम करतात. फिलिपाइन्स व थायलंडमधील कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगात या प्रथिनाच्या 4946 व्या स्थानी ग्लायसिनऐवजी ग्लुटामिक आम्ल आल्याचे आढळले. एवढ्या एका अदलाबदलीने दोन्ही औषधे निकामी होतात. बाटलीवरचा लाल, पिवळा, निळा वा हिरवा त्रिकोण याबाबत काहीच सांगत नाही, कारण तो विषारीपणाचा दर्जा दाखवतो. लाल म्हणजे जालीम आणि म्हणून गुणकारी, ही समजूत तर निव्वळ घातक आहे.

फवारणी हा एकमेव मार्ग नाही, हेही सांगलीनेच दाखवले आहे. 2002 साली याच जिल्ह्यातून उसावरील लोकरी माव्याचा उद्रेक पसरला, तेव्हा डिफा आणि मायक्रोमस या भक्षक कीटकांनी तो आटोक्यात आणण्यात मोठा वाटा उचलला. भक्षक मावा खाताना औषधाला दाद न देणारा कोणता आणि देणारा कोणता, असा भेद करत नाही.

पतंग बांध ओळखत नाही, त्यामुळे एकट्या शेतकऱ्याने गट बदलून भागणार नाही. कृषी विभाग आणि दोन्ही जिल्ह्यांतील कृषी विज्ञान केंद्रांनी किडीच्या प्रत्येक पिढीसाठी कोणता गट वापरायचा याचे तालुकावार वेळापत्रक हंगामापूर्वी जाहीर करावे, आणि कृषी सेवा केंद्रांनी पावतीवर व्यापारी नावाशेजारी गटाचा क्रमांक लिहावा.