बॅकअप आहे, पण रिस्टोरचे काय?

कल्याण-डोंबिवली महापालिकेने या शतकाच्या आरंभी आपला कारभार संगणकावर आणला आणि पुढे राज्यातल्या इतर नगरपालिकांपुढे तोच नमुना म्हणून ठेवला गेला. कौतुक झाले ते नागरी सुविधा केंद्राच्या खिडक्यांचे. खिडकीमागचा डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाची, म्हणजे डीबीएची, फारशी चर्चा झाली नाही. आपल्या जन्माच्या नोंदी आणि मालमत्ता कराची खाती मात्र त्याच्याच भरवशावर आहेत.

माहिती परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवावी, हा विचार आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडला. आजही बँका, रेल्वे आणि पालिका त्यावरच चालतात. कर भरला की पावतीची नोंद आणि थकबाकीतली वजावट दोन्ही होतात, नाहीतर एकही होत नाही. मध्येच वीज गेली तरी हिशेब अर्धवट राहत नाही. हे काम प्रणाली करते. पण तक्त्यांची रचना माणसाला ठरवावी लागते आणि तिथे गावाची माहिती असावी लागते. कल्याण-डोंबिवलीतली २७ गावे २००२ मध्ये महापालिकेतून वगळली गेली, २०१५ मध्ये पुन्हा आली. घराचा ओळखक्रमांक ज्याने प्रभागाच्या नावावर बेतला असेल, त्याची अशा वेळी किती ओढाताण होईल! हद्द बदलली तरी घराची ओळख बदलू नये, जुन्या नोंदी पुसल्या जाऊ नयेत, ही समज कोणत्याही प्रमाणपत्राच्या परीक्षेत मिळत नाही.

या पेशाची खरी कसोटी मात्र बिघाडाच्या रात्री लागते. गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अनुभवी अभियंत्याच्या हातून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला गेला. बॅकअपच्या अनेक व्यवस्था होत्या, पण ऐनवेळी त्या निकामी निघाल्या. सुमारे सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत हाती लागली म्हणून निभावले. कंपनीने सगळे उघडपणे लिहून ठेवले, हे तिचे मोठेपण. चूक एका माणसाची दिसते. पण बॅकअप परत उतरवून पाहण्याचा नेम नव्हता, हा दोष साऱ्या संस्थेचा होता.

आपल्याकडे १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा वाहिन्यांतल्या बिघाडानंतर मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली. अशा दिवशी दुसऱ्या ठिकाणची प्रत किती मिनिटांत कामाला लागते आणि मधल्या किती नोंदी गमावल्या जातात, या दोन प्रश्नांची उत्तरे डीबीएकडे आकड्यांत हवीत, तीही प्रत्यक्ष करून पाहिलेली.

डोंबिवली-कल्याणहून ऐरोली-महापेच्या कचेऱ्यांकडे निघणाऱ्या तरुणांमध्ये हे काम शिकू पाहणारे आहेत. त्यांना मनापासून सांगावेसे वाटते, की महागड्या क्लासआधी साध्या लॅपटॉपवर पोस्टग्रेस घ्या, ते मोफत आहे. त्यात काही लाख ओळी भरा. एखादी क्वेरी रेंगाळली तर लगेच इंडेक्स टाकू नका; आधी एक्झिक्यूशन प्लॅन वाचा आणि प्रणालीने कोणता मार्ग धरला ते समजून घ्या. मग एक तक्ता मुद्दाम उडवा आणि तो उडवण्याच्या आदल्या मिनिटापर्यंतचा डेटा परत आणा. पहिल्या खेपेला बहुधा जमणार नाही. का जमले नाही ते वहीत लिहा. मुलाखतीत त्या वहीइतके बोलके दुसरे काही नसेल.

पण सगळा भार शिकणाऱ्यावर टाकणे अन्यायाचे आहे. दिवसा तक्रारी, रात्री पॅच आणि सुट्टीच्या दिवशी फोन, यात सराव कधी करायचा? कंपन्यांनी त्यासाठी वेगळा सर्व्हर आणि कामाच्या वेळेतले तास द्यावेत. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी संगणक प्रणालीच्या प्रत्येक कंत्राटात एक अट घालावी: दर तीन महिन्यांनी बॅकअप दुसऱ्या यंत्रावर प्रत्यक्ष उतरवायचा, लागलेला वेळ आणि न जुळलेल्या नोंदी लिहायच्या आणि तो अहवाल आयुक्तांपुढे ठेवायचा.