खुलताबादला जायचंच कशाला?

अंधेरी पश्चिमेला आम्ही राहतो तिथून गिल्बर्ट हिल दिसतो. सुमारे दोनशे फूट उंच, सरळ उभा काळा कातळ. वर गावदेवीचं देऊळ, पायथ्याशी चहूबाजूंनी इमारती आणि दाट वस्ती. सहा कोटी वर्षांहून जुना हा दगड रोज डोळ्यांसमोर असतो, पण त्याच्याकडे कुणी बघत नाही. आम्हीही बघत नव्हतो.

डिसेंबरच्या सुट्टीत कुठे जायचं हा विषय घरात निघाला तेव्हा सासूबाईंनी एकच नाव घेतलं, "खुलताबाद." जर जरी जर बख्श यांच्या दर्ग्यावर जाण्याची त्यांची बरीच वर्षं इच्छा होती. दर्ग्यावर जाण्याबद्दल आपल्या समाजात मतभेद आहेत, आमच्या घरातही आहेत. तो वाद इथे नको. मुलगा खूश झाला, कारण वाटेत दौलताबादचा किल्ला लागणार होता. मुलगी मात्र एकदम म्हणाली, "तुम्ही जा. मी येणार नाही. तिथं जायचंच कशाला?"

तिच्या नकारामागचं कारण मला माहीत होतं. २०२५च्या मार्चमध्ये औरंगजेबाची कबर उखडून टाकण्याची मागणी सुरू झाली आणि १७ मार्चला नागपुरात हिंसाचार झाला, त्या दिवसांतली गोष्ट. ती तेव्हा आठवीत होती. वर्गातल्या मुलांच्या मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये कुणीतरी औरंगजेबाचं चित्र टाकलं आणि खाली लिहिलं, "हिचे आजोबा." पाच-सहा जणांनी हसण्याची चिन्हं टाकली. त्यात तिची डबा वाटून खाणारी मैत्रीणही होती. मोठ्यांच्या कानावर गेल्यावर मुलांनी माफी मागितली, विषय संपला. माझ्या मुलीच्या मनातून तो संपला नव्हता. खुलताबाद म्हणजे औरंगजेबाची कबर, आणि तिथे गेलो तर "ते" म्हणतात ते खरं ठरेल, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. बी.एड.ला आम्हाला शिकवलं होतं की मुलाच्या प्रश्नाला टाळू नये. स्वतःच्या मुलीच्या बाबतीत मी नऊ महिने तो प्रश्न टाळला होता. म्हणून तिला म्हटलं, "चल तर. तिथे जाऊन बघू, मग ठरव."

गुरुवारी रात्री दादरहून देवगिरी एक्सप्रेस पकडली. पहाटे उतरलो तेव्हा चांगलीच थंडी होती. मुंबईच्या उपनगरातल्या आम्हा लोकांना थंडीचं अप्रूप; मुलांनी तोंडातून वाफ काढण्याची शर्यत लावली. स्टेशनवर आता छत्रपती संभाजीनगर अशी पाटी आहे. सासूबाईंच्या तोंडून औरंगाबादच निघतं. मुलीने विचारलं, त्याच्याआधी काय नाव होतं? खडकी. १६१०मध्ये मलिक अंबरने वसवलेलं गाव. पहिलं नावच खडकावरून पडलेलं.

दौलताबादचा किल्ला शहरापासून पंधरा किलोमीटरवर आहे. यादवांची देवगिरी ती हीच. १२९६ साली अलाउद्दीन खलजीने तिच्यावर स्वारी केली, १३२७ साली महंमद तुघलकाने तिला आपली राजधानी केलं आणि दौलताबाद हे नाव रूढ झालं. डोंगराच्या कडा तासून सरळ भिंतीसारख्या केल्या आहेत, खाली खडकात खोदलेला खंदक आहे. वर जाण्याच्या वाटेत "अंधारी" नावाचा काळोखा भुयारी जिना आहे. वटवाघळांचा वास, पायाखाली ओबडधोबड पायऱ्या. सासूबाई खालीच थांबल्या, पेरूवाल्या मावशींशी गप्पा मारत.

किल्ल्यात शिरल्यावर थोड्याच अंतरावर एक मोठं आवार लागतं. आत दगडी खांबांच्या रांगाच रांगा. हे आता भारतमाता मंदिर आहे. १९४८पासून तिथे भारतमातेची मूर्ती आहे. त्याआधी ती जामा मशीद होती, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला खलजींच्या काळात बांधलेली. मुलीने खांबांवर हात फिरवला आणि विचारलं, "अम्मी, मशिदीच्या खांबांवर असं कोरीवकाम असतं का?"

नाही. ते खांब देवळांचे आहेत. देवळं मोडून त्यांचे खांब मशिदीला लावले गेले.

हे तिला सांगावं की नाही, याचा क्षणभर विचार केला, हे कबूल करते. आपल्या घरांत अशा वेळी दोन उत्तरं तयार असतात. एक म्हणजे, "हे सगळं खोटं आहे, बदनामीसाठी रचलेलं आहे." दुसरं म्हणजे, "आपले बादशाह किती बलाढ्य होते बघ." पहिल्या उत्तराने मूल अडाणी राहतं, दुसऱ्याने उर्मट होतं. मी तिला जे होतं ते सांगितलं. जिंकणाऱ्या राजाने हरलेल्याचं देऊळ मोडलं, ही घडलेली गोष्ट आहे आणि ती वाईट होती. ती करणारा मुसलमान होता. तू केलेली नाहीस, मी केलेली नाही. तिचं ओझं घ्यायचं नाही आणि तिचा अभिमानही धरायचा नाही. ती नाकारायची तर मुळीच नाही.

ती काही बोलली नाही. पण अंधारीतून वर जाताना मात्र ती माझ्या पुढे होती.

याच किल्ल्यावर जनार्दनस्वामींची समाधी आहे. सोळाव्या शतकात ते देवगिरीचे किल्लेदार होते, निजामशाही सुलतानाच्या चाकरीत. पैठणचे एकनाथ महाराज त्यांचे शिष्य, याच किल्ल्यावर त्यांच्यापाशी राहून शिकलेले. मी वर्गात एकनाथ शिकवते, पण त्यांचे गुरू एका मुसलमान राज्याचे किल्लेदार होते हे मी मुलांना कधी सांगितलं नव्हतं. मराठी शिक्षकाने हे सांगायला नको का?

मग भाषेचा विषय निघाला, आणि त्यात माझा जीव रमतो. तुघलकाने दिल्लीची माणसं इथे आणली. सैनिक, कारकून, सूफी, कारागीर. राजधानी काही वर्षांतच परत गेली, पण बरीच माणसं इथेच राहिली. त्यांची दिल्लीकडची बोली इथल्या मराठीशेजारी नांदू लागली. त्यातून दखनी फुलली. दखनीतलं "नक्को" म्हणजे आपलं "नको". वाक्यात जोर द्यायला लावतात तो "च"ही मराठीकडून घेतलेला. पुढे याच शहराने उर्दूला वली आणि सिराज औरंगाबादी दिले. माझ्या उर्दू शाळेतल्या मुलांना वाटतं की मराठी ही बाहेरची, परीक्षेपुरती भाषा आहे. मराठी शाळेतल्या मुलांना वाटतं की उर्दू परदेशातून आली. दोघांनाही देवगिरीच्या पायऱ्यांवर बसवून हा धडा शिकवावा असं वाटलं.

दुपारी खुलताबादला पोहोचलो. मुलाच्या अब्बांनी आणि मुलाने जुम्याची नमाज पढली. सासूबाईंची जियारत झाली, त्यांचं समाधान चेहऱ्यावर दिसत होतं. या छोट्या गावात किती जण झोपले आहेत! बुऱ्हानुद्दीन गरीब आहेत, अमीर खुसरोचे मित्र असलेले कवी अमीर हसन सिज्झी आहेत, हैदराबादच्या निजाम घराण्याचा मूळ पुरुष आहे. मुलीला मात्र एकच कबर भीतीची वाटत होती. मी म्हटलं, नको असेल तर जाऊ नको. ती म्हणाली, "आता आलोय तर बघते."

पोलिसांपाशी नाव लिहिलं, ओळखपत्रं दाखवली आणि आत गेलो. जैनुद्दीन शिराजी यांच्या दर्ग्याच्या आवारात एक उघडी, मातीची कबर. वर छत नाही. भोवतीची संगमरवरी जाळी पुष्कळ नंतरची, विसाव्या शतकातली. मुलगी दोन मिनिटं उभी राहिली. मग म्हणाली, "एवढंच?"

एवढंच. या बादशाहाने बापाला कैदेत ठेवलं, भाऊ दारा शुकोहला मारवलं, १६७९ साली जिझिया लावला, विजापूर आणि गोवळकोंडा ही मुसलमानांचीच राज्यं बुडवली आणि १६८९ साली संभाजी महाराजांची हाल हाल करून हत्या करवली. आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षं दख्खन जिंकण्यात घालवून १७०७ साली अहमदनगरजवळ मेला. त्याच्या कबरीला मान द्या असं मी म्हणत नाही. पण ती केंद्राने संरक्षित केलेलं स्मारक आहे आणि ती जागच्या जागी राहावी असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला दख्खन जिंकायचं होतं तो इथे एवढ्याशा मातीत संपला, हे दाखवणारा याहून चांगला पुरावा महाराष्ट्राकडे दुसरा नाही. तो पुरावा मराठ्यांच्या बाजूचा आहे. तो उखडून कोणाचा फायदा?

आणि मी मुलीला हेही सांगितलं की तो तुझा आजोबा नाही. माझं माहेर रत्नागिरीकडचं. आम्हा कोकणी मुसलमानांचं नातं अरबी व्यापाऱ्यांशी आणि कोकणातल्या मातीशी सांगितलं जातं, दिल्लीच्या तख्ताशी नाही. पण इथेही सावध राहायला हवं. कुणी "औरंगजेबाची औलाद" म्हटलं की आपण लगेच शिवाजी महाराजांच्या पदरी असलेल्या मुसलमानांची यादी वाचतो. दौलतखान, काझी हैदर. नावं खरी आहेत, त्यांचा अभिमानही खरा आहे. पण दर वेळी ती यादी वाचून आपण समोरच्याकडे प्रमाणपत्र मागत असतो. चौदा वर्षांच्या मुलीने वर्गात बसण्यासाठी कुठली यादी का पाठ करावी?

खुलताबादलाच मलिक अंबरचा मकबरा आहे. तिथे आम्ही सोडून कुणी नव्हतं. हबशी देशात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा, जो पुढे निजामशाहीचा कारभारी झाला, मोगलांना वर्षानुवर्षं रोखून धरलं, शेतसाऱ्याची घडी बसवली, शहराला नहर बांधून पाणी दिलं. १६२४च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या फौजेत होते. औरंगजेबाच्या कबरीवर बातम्या होतात, मलिक अंबरच्या नाहीत. यात दोष दुसऱ्यांचा जेवढा, तेवढाच आपला. आपल्या किती घरांत हे नाव माहीत आहे?

शनिवारी वेरूळ पाहिलं. खुलताबादपासून ते जेमतेम चार-पाच किलोमीटर. पण दर्ग्यावर येणारी आपली कितीतरी कुटुंबं घाट उतरून तिथे जात नाहीत. "बुतं काय बघायची?" असं म्हणतात. तिथे ३४ लेणी आहेत. १२ बौद्ध, १७ हिंदू, ५ जैन. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं कैलास लेणं अखंड कातळ वरून खाली कोरत आणून घडवलेलं आहे. चूक दुरुस्त करायची सोय नसलेलं काम. खुद्द औरंगजेबाच्या एका पत्रात या लेण्यांचं कौतुक आहे. मग तुम्हा-आम्हाला कसली अडचण? बघणं म्हणजे पूजा नव्हे. आपला ईमान इतका कच्चा नाही.

लेण्यांची लोकांनी ठेवलेली नावं वाचून मला हसू आलं. "सुतार का झोपडा", "रावण की खाई", "सीता की नहाणी". "का" आणि "की" दखनी, "नहाणी" अस्सल मराठी, सीता आणि रावण रामायणातले. ही नावं कुण्या समितीने ठरवलेली नाहीत. इथे राहणाऱ्या साध्या माणसांनी आपापली भाषा एकमेकांत मिसळून ती ठेवली.

वेरूळ हे भोसल्यांचं गाव. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पीरावरच्या श्रद्धेने मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. हे ऐकून मुलगी म्हणाली, "हे ग्रुपवर टाकू?" मी म्हटलं, नको. वादात जिंकण्यासाठी टाकू नको. कुणी मनापासून विचारलं तर सांग.

परत आल्यावर तिने शाळेच्या प्रकल्पासाठी विषय घेतला, "आपल्या उपनगरातली लेणी". अंधेरी पूर्वेला महाकालीची बौद्ध लेणी, जोगेश्वरीचं शैव लेणं, बोरिवलीला मंडपेश्वर, ज्याच्या शैव लेण्याचं पोर्तुगिजांनी चर्च केलं होतं, आणि कान्हेरी. सगळं लोकल आणि बसच्या तिकिटात. आपल्या शाळांच्या सहली मात्र वॉटर पार्कला जातात. मीही अनेक वर्षं तशाच सहली नेल्या आहेत. यंदा जानेवारीत नववीच्या वर्गाला कान्हेरीला न्यायचं ठरवलं आहे. पालकांच्या सभेत एका वडिलांनी विचारलं, "मॅडम, आमच्या मुलांचं तिथे काय काम?"

त्यांना मी कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्याबद्दल सांगितलं. त्या बौद्ध लेण्याच्या भिंतीवर पहलवी लिपीतले लेख आहेत. इ. स. १००९ आणि १०२१ साली काही पारशी माणसं तिथे आली आणि आपली नावं, तारखा कोरून गेली. धर्म त्यांचा निराळा, भाषा निराळी. ती डोंगर चढून आली, त्यांनी लेणी बघितली आणि परत गेली. हजार वर्षांपूर्वी त्यांना कुणी विचारलं नाही की तुमचं इथे काय काम. आपल्या मुलांनी भिंतीवर नावं कोरायची नाहीत, एवढंच फक्त बजावून सांगायचं.

वडील हसले आणि त्यांनी संमतीच्या कागदावर सही केली.