तारा निघाल्या, पण...

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. विषय जरा वेगळाच आहे, दातांच्या तारांचा. "या वयात तुमचा नि तारांचा काय संबंध?" असं वन्संनी फोनवर विचारलंच! संबंध आहे, सांगते.

आमच्या वेळी पुढे आलेल्या दातांवर इलाज एकच, तोंड मिटून हसायचं. माझ्या नातीला मात्र दीड वर्ष तारा होत्या आणि तेवढे दिवस सगळं घर डोळ्यांत तेल घालून होतं. तार घट्ट करून आली की दोन-तीन दिवस दात ठणकायचे. मग मऊ भात, खिमट, शिरा. गाल आतून सोलवटला की पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या. दातावरची टिकली टोचत असेल तर डॉक्टरांनी दिलेलं मेण लावायचं. पण आधी ती जागा कोरडी करायची हं, मग मटारच्या दाण्याएवढी गोळी मळून दाबून बसवायची. ओल्या जागी ते टिकत नाही, हे आम्ही चार गोळ्या वाया घालवल्यावर शिकलो! चिक्की, चकली, तिळाची वडी बंद. पेरूसुद्धा बारीक फोडी करून.

एकदा रात्री दाढेपाशी तारेचं टोक बाहेर आलं. आमचे 'हे' नेलकटर घेऊन हजर! मी हात धरला. कापलेला तुकडा घशात गेला म्हणजे? पेन्सिलीच्या टोकाचं रबर स्वच्छ धुऊन त्याने टोक हलकेच दाताकडे वळवलं, वर मेण लावलं आणि सकाळी डॉक्टरांना फोन केला. टिकली सुटली तर घरातला गोंद लावण्याचा उद्योगही कुणी करू नये. घरच्या उपायांनी डॉक्टरांकडे जाईपर्यंतची वेळ निभवायची, एवढंच. बाकीचं काम त्यांचं.

मग तारा निघाल्या. पेढे वाटले, फोटो काढले. आणि इथेच आम्ही सगळे सैल पडलो! खरं तर वेल मांडवावर चढवून सुतळी लगेच सोडली तर ती पुन्हा खालीच येते. दातांचंही तसंच. भोवतालचं हाड नव्या जागी पक्कं व्हायला महिनोन् महिने लागतात आणि हिरडीतले धागे दाताला जुन्या जागी ओढत राहतात. म्हणून ती रिटेनरची पारदर्शक पट्टी. तारांपेक्षा तीच महत्त्वाची, असं मी आता म्हणते. तेव्हा म्हणत नव्हते.

गेल्या मे महिन्यात नात माझ्याकडे कोकणात आली होती. बेसिनवर ती पट्टी दिसली. मला वाटलं, किती जंतू असतील! तिच्या बाबाच्या दुधाच्या बाटल्या उकळायचे त्याच मायेने मी तिच्यावर कढत पाणी ओतलं, धुऊन-पुसून डबीत ठेवली. ते प्लास्टिक उष्णतेने वाकतं हे मला कुठे ठाऊक! पोरीने तोंडात घालून पाहिली असणार. मला म्हणाली, "आजी, आता नाही घालायची गरज." आणि मी काय म्हणावं? "बरं झालं बाई, सुटलीस एकदाची!"

पुण्याला परत गेली तोवर खालचे दोन दात पुन्हा फिरले होते. नवीन माप, नवा खर्च. 'नीट सांभाळत नाहीस' म्हणून बाबाची बोलणीही तिने खाल्ली, पण आजीचं नाव घेतलं नाही. मला हे सगळं गणपतीत सूनबाईंकडून कळलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

चाळीस मुलांच्या वर्गात कोण काय लपवतंय ते मला चेहऱ्यावरून कळायचं, असं मी मिरवते. घरचं एक लेकरू नाही ओळखता आलं.

आपण पटकन मुलांना 'निष्काळजी' म्हणतो. पण मुलांच्या दातांच्या सूचना आई-बाबांपुरत्याच राहतात. आम्हा म्हाताऱ्यांना कुणी काही सांगत नाही आणि आम्ही विचारतही नाही. लग्नाच्या पंगतीत 'काढ गं ते, नीट जेव' म्हणणारे आम्हीच. जेवताना काढायचीच असते, पण ती डबीत गेली पाहिजे. कागदी रुमालात गुंडाळली की उष्ट्या पत्रावळीबरोबर गेलीच म्हणून समजा. धुवायची साध्या पाण्याने, मऊ ब्रशने; टूथपेस्टने पारदर्शक पट्टीवर चरे पडतात. आणि नीट बसेनाशी झाली तर जोर करून बसवायची नाही, लपवायची तर मुळीच नाही. डॉक्टरांना लगेच दाखवायची.

नातीशी मी मोकळेपणाने बोलले. सॉरीसुद्धा म्हटलं. ती हसली, अगदी तोंड भरून. या मे महिन्यात पुन्हा येते आहे. कालच तिचा फोन होता, "आजी, आंबे ठेव. आणि पट्टीला पाणी माठातलं हं!"

डबी ठेवायला फडताळातला एक खण रिकामा करून ठेवला आहे.