कुलूप कोणाचे, किल्ली कोणाची?

या सदरातून आम्ही सामान्यतः अभ्यास, भाषा आणि मुलांच्या सवयी यांविषयी लिहीत असतो. या खेपेस विषय खेळाचा आहे. परंतु तो पोरखेळ नव्हे. आपल्या कित्येक घरांत सध्या एक वाद चालू असतो. दूरदर्शनसंचाला जोडलेले खेळाचे यंत्र, ज्यास कन्सोल म्हणतात, त्यातील कंपनीचे बंधन मुलगा काढून टाकतो आणि त्यावर आपल्याला हवे ते चालवतो. वडिलांच्या कानी हे गेले की ते म्हणतात, "ही चोरी आहे." मुलगा उत्तर देतो, "बाबा, यंत्र आपण पैसे मोजून घेतले आहे. त्याचे काय करायचे ते आपण ठरवू." आई मध्ये पडून दोघांनाही गप्प करते, आणि प्रश्न जागच्या जागी राहतो. आमच्या मते दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. दोघे निरनिराळ्या गोष्टींविषयी बोलत असतात आणि त्यांना एकच नाव देतात, इतकेच.

तेव्हा शिक्षकाच्या सवयीप्रमाणे आम्ही प्रथम व्याख्या करतो. या वादात चार गोष्टी एकत्र गुंतलेल्या आहेत. पहिली हॅकिंग, म्हणजे यंत्रातील कुलूप काढणे. कंपनीने मान्य केलेलाच प्रोग्रॅम चालावा, दुसरा चालू नये, अशी योजना यंत्रात केलेली असते. ती निष्प्रभ करणे म्हणजे हॅकिंग. दुसरी होमब्रू. या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ घरी केलेले मद्य असा असला तरी येथे हातभट्टीचा काही संबंध नाही. हौशी माणसाने स्वतः लिहिलेला आणि कंपनीच्या परवानगीवाचून यंत्रावर चालवलेला प्रोग्रॅम, एवढाच त्याचा अर्थ. तिसरी एम्युलेशन. नट ज्याप्रमाणे राजाची भूमिका वठवतो, त्याप्रमाणे साध्या संगणकाने एखाद्या कन्सोलची भूमिका हुबेहूब वठवणे. ज्या प्रोग्रॅमच्या योगे हे साधते तो एम्युलेटर. चौथी पायरसी, म्हणजे मोबदला न देता खेळाची प्रत घेणे अथवा वाटणे. या चारांपैकी निखळ चोरी चौथीच आहे. पहिल्या तीन गोष्टी चोरीच्या उपयोगी पडू शकतात, हे खरे. पण सुरी स्वयंपाकघरातही असते.

हे कुलूप मुळात आले कोठून, हे पाहिले पाहिजे. १९८३ च्या सुमारास अमेरिकेत अशा खेळांचा बाजार कोसळला. वाटेल त्याने वाटेल तसे खेळ करून दुकाने भरली आणि गिऱ्हाइकांचा विश्वास उडाला. १९८५ साली निन्टेन्डो या जपानी कंपनीने आपले यंत्र तेथे नेले, तेव्हा यंत्रात एक चिप आणि प्रत्येक कार्ट्रिजमध्ये तिची जोडीदार चिप बसवली. दोघींचे सूर जुळले तरच खेळ चालावयाचा. यात निकस माल रोखण्याचा हेतू होता, तसाच खेळ करणाऱ्या प्रत्येकाकडून परवान्याचे शुल्क घेण्याचाही होता. म्हणजे कुलूप केवळ चोराविरुद्ध नव्हते. ते प्रतिस्पर्ध्याविरुद्धही होते. पुढील साऱ्या भांडणाचे बीज येथे आहे.

१९९२ साली अमेरिकन न्यायालयांनी दोन प्रकरणांत जे सांगितले ते आम्हांस आजही मननीय वाटते. अटारी गेम्स या कंपनीने निन्टेन्डोच्या चिपचे रहस्य मिळवण्यासाठी सरकारी कॉपीराइट कार्यालयास खोटे कारण सांगून त्या प्रोग्रॅमची प्रत मिळवली. न्यायालयाने तिला थारा दिला नाही. त्याच वर्षी ॲकोलेड या कंपनीच्या प्रकरणाचाही निकाल लागला. तिने सेगा कंपनीच्या कार्ट्रिज विकत आणल्या, त्या उलगडून यंत्र कसे चालते याचा अभ्यास केला आणि स्वतःचे खेळ लिहून विकले. तिच्या बाजूने न्यायालयाने निर्णय दिला. खेळाचे कौशल्य तिचे स्वतःचे होते. सेगाच्या यंत्राशी जुळण्यापुरतेच ज्ञान तिने घेतले होते. दोन्ही कंपन्यांना कुलूपच उघडावयाचे होते. एकीने खोटे बोलून उघडले, दुसरीने अभ्यास करून. आमच्या मुलांना हा भेद परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवरून चटकन कळावा.

एम्युलेशनचेही असेच झाले. १९९९ साली कनेक्टिक्स या कंपनीने सोनीच्या प्लेस्टेशनचे खेळ मॅकिन्टॉश संगणकावर चालवणारा प्रोग्रॅम बाजारात आणला. सोनीने दावा लावला. तो प्रोग्रॅम तयार करताना सोनीच्या प्रोग्रॅमचा केलेला अभ्यास व त्यासाठी घेतलेल्या प्रती न्याय्य उपयोगात मोडतात, असे अपील न्यायालयाने २००० साली ठरवले. पुढच्या वर्षी सोनीने तो प्रोग्रॅमच विकत घेतला आणि बंद केला. न्यायालयात जे मिळाले नाही ते थैलीने मिळवले.

यानंतरची कथा प्लेस्टेशन ३ ची आहे. ती गणिताच्या शिक्षकांना विशेष आवडेल. २००६ साली आलेल्या या यंत्रात दुसरी कार्यप्रणाली, उदाहरणार्थ लिनक्स, बसवण्याची सोय कंपनीनेच दिली होती. तिचा उपयोग केवळ छांदिष्टांनी केला नाही. २०१० साली अमेरिकन हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने अशी १७६० यंत्रे जोडून एक महासंगणक उभा केला. परंतु एप्रिल २०१० मध्ये सोनीने सुरक्षेचे कारण देऊन जुन्या यंत्रांतील ही सोय काढून घेतली. ज्यांनी ती पाहून यंत्र घेतले होते त्यांना दोनच पर्याय उरले: सोय सोडा, नाही तर कंपनीच्या जालावरील खेळांवर पाणी सोडा. त्याच वर्षी डिसेंबरात बर्लिनच्या एका परिषदेत काही अभ्यासकांनी कंपनीची चूक दाखवून दिली. प्रत्येक प्रोग्रॅमवर कंपनी गुप्त किल्लीने सही करते. त्या पद्धतीत दर सहीस एक नवी, यदृच्छया निवडलेली संख्या लागते. सोनीने प्रत्येक वेळी तीच संख्या वापरली होती. गुप्त किल्ली हे एक अज्ञात आणि ही संख्या दुसरे. दोन सह्या हाती आल्या की दोन समीकरणे व दोन अज्ञाते, म्हणजे शाळेच्या फळ्यावर सुटणारे उदाहरण. जानेवारी २०११ मध्ये जॉर्ज हॉट्झ या तरुणाने यंत्राची मुख्य किल्ली प्रसिद्ध केली; सोनीने खटला भरला आणि एप्रिलमध्ये तडजोड झाली. आम्ही या तरुणांना निर्दोष म्हणत नाही, कारण त्या किल्लीने चोरीच्या प्रतींनाही दार उघडले. तथापि दिलेली वस्तू विक्रीनंतर परत काढून घेणाऱ्याने सज्जनपणाची शपथ घेऊ नये, असेही आम्हांस वाटते.

होमब्रूचे उदाहरण याहून निरागस आहे. निन्टेन्डोच्या वी या यंत्रात २००८ साली काही तरुणांनी वाट शोधली ती एका घोड्याच्या नावातून. झेल्डा मालिकेतील एका खेळात खेळाडूने आपल्या घोड्यास नाव द्यावयाचे असते. त्यांनी जतन केलेल्या खेळाच्या नोंदीत हे नाव इतके लांब लिहिले की ते ठरलेल्या जागेत मावले नाही, आणि त्याबरोबर त्यांचा स्वतःचा प्रोग्रॅम यंत्रात शिरला. पुढे त्या यंत्रावर हौशी लोकांनी लिहिलेले कितीतरी प्रोग्रॅम चालू लागले. वाट शोधणाऱ्या या मंडळींनी चोरीच्या प्रतींना उघड विरोध केला, ही गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी.

आता चौथ्या गोष्टीकडे वळू. येथे आम्ही मुलांची बाजू घेणार नाही. एक खेळ तयार होण्यास चित्रकार, संगीतकार, लेखक आणि प्रोग्रॅम लिहिणारे यांचे काही वर्षांचे श्रम लागतात. तो विनामूल्य उतरवून घेणारा मुलगा म्हणतो, "कंपनी कोट्यधीश आहे." परंतु दोघातिघांनी मिळून केलेला लहान खेळही तो त्याच हाताने उतरवतो. चोरीला मालकाची श्रीमंती हे कारण पुरत नाही. काहींनी तर याचा धंदा केला. कन्सोलचे कुलूप तोडणारी उपकरणे विकणाऱ्या एका टोळीतील माणसास फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेत चाळीस महिन्यांची शिक्षा झाली. त्यात ज्ञानसाधना नव्हती. दुसऱ्याच्या श्रमावर दुकान होते.

वडीलधाऱ्यांनीही येथे आरशात पाहिले पाहिजे. कॅसेटच्या काळात मुंबईहून आलेली नाटकाची अथवा हिंदी चित्रपटाची एक कॅसेट या घरातून त्या घरात जात असे आणि तिच्या प्रती निघत असत. त्या वेळी त्यास कोणी चोरी म्हटले नाही. मायदेशाची आठवण म्हटले. मोह तोच आहे. यंत्र तेवढे बदलले आहे. म्हणून मुलाला सरसकट चोर म्हणण्यापूर्वी थोडे थांबावे.

चोरी मोडताना सुक्याबरोबर ओलेही कसे जळते, याचा दाखला अगदी अलीकडचा आहे. मे २०२३ मध्ये निन्टेन्डोचा झेल्डा मालिकेतील एक मोठा खेळ विक्रीपूर्वीच फुटला. दहा लाखांहून अधिक प्रती बेकायदा उतरवल्या गेल्या, असे कंपनीने आपल्या दाव्यात म्हटले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने युझू या एम्युलेटरच्या कर्त्यांवर दावा लावला. आठवडाभरातच चोवीस लाख डॉलरांवर तडजोड झाली आणि युझू बंद पडला. एम्युलेशन वैध की अवैध यावर न्यायालयाचा निर्णय झालाच नाही. पण त्याच कर्त्यांचा सिट्रा नावाचा दुसरा एम्युलेटरही सोबत गेला. तो निन्टेन्डोच्या ३डीएस या जुन्या यंत्रासाठी होता, आणि त्या यंत्राचे जालावरील दुकान कंपनीने स्वतःच मार्च २०२३ मध्ये बंद केले होते. जे खेळ केवळ त्या दुकानात मिळत, ते आता पैसे देऊनही मिळेनासे झाले.

हा प्रश्न आम्हांस सर्वांत गंभीर वाटतो. अमेरिकेतील एका संस्थेने २०२३ साली केलेल्या पाहणीत असे आढळले की २०१० पूर्वी त्या देशात प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी सत्त्याऐंशी टक्के खेळ बाजारात उपलब्ध नाहीत. कार्ट्रिजमधील बॅटरी संपते, तबकड्या खराब होतात, यंत्रे निकामी होतात. उलट आपल्या देशाच्या कायद्यात लेखकाचा हक्क साधारणपणे त्याच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षे टिकतो. म्हणजे हक्काचे आयुष्य वस्तूच्या आयुष्याहून मोठे झाले आहे. मालक विकत नाही, आणि दुसऱ्याने जतन केलेले त्यास खपत नाही. संशोधकांना असे खेळ ग्रंथालयातून दूरस्थपणे पाहता यावेत, ही मागणीही अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्य केली नाही. आपल्या समाजाची जुनी मराठी मासिके ज्यांनी कधी शोधली असतील त्यांना हे दुःख निराळे सांगावयास नको. ज्याची प्रत कोणी ठेवली नाही, ते गेले.

कायद्याविषयी दोन शब्द. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने काही अपवाद वगळता कुलूप तोडणे हाच स्वतंत्र अपराध ठरवला, मग आत काही चोरलेले असो वा नसो. इस्राएलमध्ये २००७ साली संमत झालेल्या कॉपीराइट कायद्यात तसे कलम घातले गेले नाही. उलट ज्याच्याजवळ प्रोग्रॅमची अधिकृत प्रत आहे त्यास राखीव प्रत करण्याची, आणि दुसऱ्या संगणकाशी प्रोग्रॅम जुळवून घेण्यासाठी त्यात फेरफार करण्याची मुभा त्यात आहे. परंतु ही मुभा अधिकृत प्रत बाळगणाऱ्यास आहे, शेजाऱ्याकडून प्रत मिळवणाऱ्यास नाही. शिवाय कायदा काहीही म्हणो, कुलूप काढलेले यंत्र कंपनी आपल्या जालावरील सेवेतून बाहेर काढू शकते, आणि कोठून तरी उतरवलेल्या प्रोग्रॅमबरोबर घरात काय येईल याचा नेम नसतो. हेही मुलांना सांगून ठेवावे.

पालकांनी मुलाला तीन प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवतो. हे यंत्र आणि हा खेळ तू विकत घेतलेला आहे काय? ज्याने श्रम केले त्यास त्याचा मोबदला मिळाला आहे काय? आणि हा खेळ आजही कोठे रीतसर विकत मिळतो काय? पहिल्या दोहोंचे उत्तर होय असेल, तर मुलगा आपल्याच वस्तूचा अभ्यास करतो आहे. त्याला अडवू नये. तिसऱ्याचे उत्तर होय आणि दुसऱ्याचे नाही असेल, तर ती चोरी आहे, आणि आपण वारसा जतन करतो आहोत अशी सबब त्याने सांगू नये. बाजारातून नाहीसे झालेल्या खेळांविषयी मात्र घाईने निवाडा करू नये. तेथे कायदा अजून एका बाजूस आणि विवेक पुष्कळदा दुसऱ्या बाजूस आहे. मोठ्या माणसांनाही न सुटलेले हे कोडे मुलापुढे तसेच प्रामाणिकपणे मांडावे.

एक सूचना आणखी. कुलूप काढलेल्या यंत्रावर मुलाने स्वतः काही लिहिले आहे काय, ते त्याला दाखवावयास सांगा. पडद्यावर एक चौकोन इकडून तिकडे सरकताना दिसला, तरी तो त्याने स्वतः सरकवलेला असेल. त्याच्याजवळ बसून तो पाहा. कसा केला ते विचारा. ज्याने एकदा स्वतः खेळ लिहिला, त्याला दुसऱ्याच्या खेळाची किंमत निराळी शिकवावी लागत नाही.