मालवणच्या टाकीला हीटर कशाला?

मालवणात माशांच्या टाकीसोबत हीटर विकणं बंद झालं पाहिजे. टाक्या विकूनच माझं पोट भरतं, तरी सांगतो. मुंबईहून येणाऱ्या सेटमध्ये काच, झाकण, फिल्टर, दिवा, रंगीत खडी आणि नळीतला हीटर असं सगळं एकत्र बांधलेलं असतं. मी हीटर काढून ठेवतो, तेवढे पैसे कमी करतो आणि उरलेला सेट देतो. गिऱ्हाइकाला वाटतं, भाऊंनी काहीतरी हातचं राखलं.

समुद्राकाठी जानेवारीतल्या पहाटे बाहेर अठरा-एकोणीस अंश असतात. तेव्हाही घरातली टाकी तेवीस-चोवीसच्या खाली क्वचितच जाते. तेवढ्या थंडीने गप्पी, मॉली किंवा एंजल मरत नाही. मे महिन्यात मात्र तीच टाकी तीस-एकतीसवर जाऊन बसते. म्हणजे आपला त्रास उकाड्याचा, आणि आपल्याला विकलं जातं ते थंडीवरचं औषध. त्यातून हीटरचा थर्मोस्टॅट चिकटला तर मासे अक्षरशः शिजतात.

दुकानासमोर मासळी घेऊन बसणारी आजी मला नेहमी विचारते, "मासो पाण्यातच आसता रे झिला, तेका खंयचो उकाडो?" प्रश्न रास्त आहे. माशाला स्वतःची ऊब नसते. पाणी जेवढं गरम, तेवढा मासा गरम. पाणी तापलं की त्याचं शरीर वेगाने चालतं, त्याला प्राणवायू जास्त लागतो आणि नेमका तोच पाण्यात कमी होतो. गोड्या पाण्यात पंचवीस अंशांना लिटरमागे सुमारे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसात. फरक थोडा दिसतो. पण झाडं लावलेल्या टाकीत रात्री दिवा बंद झाला की झाडंही प्राणवायू वापरू लागतात, आणि तळाशी कुजणाऱ्या पानांवरचे जिवाणू उकाड्यात दुप्पट जोमाने कामाला लागतात. पहाटेपर्यंत पाणी रिकामं होतं. "रात्री बरे होते, सकाळी वर तरंगत होते," ही मे महिन्यात दुकानात हमखास येणारी तक्रार. लोकांना रोगाचा संशय येतो आणि ते निळं औषध मागतात. खरं तर रात्री एअर पंप चालू ठेवला असता तर बहुतेक मासे वाचले असते.

मग लोक पाणी थंड करायला निघतात. पहिला उपाय बर्फाची बाटली. हिशेब करून पाहा. शंभर लिटरच्या टाकीत एक किलो बर्फ वितळून पाण्याइतका गरम होईपर्यंत तापमान जेमतेम एक अंशाने उतरतं. दोन तासांत ते पुन्हा चढतं. दिवसातून तीनदा असं वरखाली झालं की माशांवर पांढरे ठिपके येतात. स्थिर तीस अंश परवडले, पण हा झोका नको.

दुसरा उपाय पाण्यावर वारा मारणारा लहान पंखा. हा चांगला, कारण वाफ होताना पाणी पुष्कळ उष्णता घेऊन जातं. त्याच टाकीतून अर्धा लिटर पाणी उडालं तर हिशेबाने जवळजवळ तीन अंश उतरायला हवेत. पण इथे आपली हवा आडवी येते. पुण्यात मे महिन्याच्या दुपारी अडतीस अंश असले तरी हवा कोरडी असते, म्हणून पंख्याखालची टाकी पंचवीस-सव्वीसपर्यंत येते. मालवणात तेहतीसच अंश, पण अंगावरचा घामही वाळत नाही, तिथे टाकीतलं पाणी कसं उडणार? आपल्याकडे पंख्याने दोन अंश उतरले तरी पुष्कळ झालं. पुण्याच्या भाच्याने फोनवर सांगितलेला आकडा इथे कधीच दिसणार नाही, आणि त्यात पंख्याचा दोष नाही.

तिसरा उपाय चिलर. लहान टाकीसाठी तो टाकीपेक्षा महाग पडतो. पाण्यातली उष्णता काढून तो त्याच खोलीत सोडतो, त्यामुळे माणसं आणखी घामाघूम होतात. शिवाय वीज गेली की तो निव्वळ खोका. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा जिल्ह्यात कितीतरी गावं दिवसचे दिवस अंधारात होती. सगळा जीव एका यंत्रावर टांगलेली टाकी किनाऱ्यावर ठेवू नये, असं माझं मत आहे.

टाकीचं पाणी बावीस ते सव्वीस अंशांतच हवं, हा आकडा आपल्याकडे आला कुठून, हेही बघायला हवं. झाडांची टाकी सजवण्याची आजची रीत जगभर नेली ती जपानच्या ताकाशी अमानो यांनी. ते निगाताचे, म्हणजे हिवाळ्यात बर्फ पडणाऱ्या प्रदेशातले. युरोपातली पुस्तकंही अठरा-वीस अंशांच्या खोलीत बसून लिहिलेली. त्या खोलीत हीटर लावून पाणी चोवीसवर आणणं सोपं असतं. आपण तोच आकडा उलट्या बाजूने गाठायला जातो आणि पैसे, वीज, मासे असं सगळं घालवून बसतो.

मी सांगतो ते असं. आकडा बदला. मालवणच्या टाकीसाठी हिवाळ्यात चोवीस, उन्हाळ्यात तीस हे ठीक आहे, फक्त बदल सावकाश व्हायला हवा. त्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे जागा. धामापूरचा तलाव बघा. १५३० साली बांधलेला, २०२० मध्ये जागतिक सिंचन वारसा म्हणून मान मिळालेला. भर उन्हाळ्यात त्याच्या काठावर गार वाटतं, कारण भोवती झाडीची सावली आहे आणि पाण्याला खोली आहे. घरातही तेच करायचं. चिऱ्याच्या कौलारू घरात टाकी पडवीत न ठेवता माजघरात ठेवा. स्लॅबच्या घरात वरचा मजला आणि पश्चिमेची भिंत टाळा. उथळ, लांबट टाकीपेक्षा जास्त पाण्याची टाकी घ्या, ती सावकाश तापते. दिवा दुपारी न लावता संध्याकाळी लावा. खाणं निम्मं करा, कारण गरम पाण्यात उरलेल्या खाण्याचा अमोनिया जास्त घातक ठरतो.

पंखा लावला तर उडालेल्या पाण्याची भरपाई करावी लागते, आणि इथेच किनाऱ्यावरची माणसं फसतात. मे महिन्यात आपल्या कितीतरी विहिरी मचूळ होतात. वाफ होताना क्षार मागे राहतात, वरून मचूळ पाणी घातलं की ते वाढत जातात आणि झाडांच्या पानांच्या कडा करपतात. यावर पागोळ्यांचं पाणी उत्तम. सुरुवातीच्या सरींनी कौलं धुऊन निघाली की झाकणाच्या पिंपात ते भरून ठेवावं. जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दोन पिंपं भरायला काही अडचण नाही.

दुसरी गोष्ट निवडीची. लाल-पांढरी क्रिस्टल कोळंबी वीस-बावीस अंशांत सुखी असते, तिला इथे आणूच नका. निऑन टेट्राही सावलीतल्या थंड ओहोळांचा मासा. त्याऐवजी गप्पी, गुरामी, रॅम घ्या. डिस्कससारखा महागडा मासा तर अठ्ठावीस ते तीस अंशच मागतो. पुणेकर त्याच्यासाठी हिवाळाभर हीटर जाळतात. झाडांमध्ये वालिसनेरिया, हायड्रिला, नीरब्राह्मी ही आपल्याच खाचरांतली आणि ओहोळांतली मंडळी उकाड्याला बधत नाहीत. शौकिनांची लाडकी क्रिप्टोकोराइन परदेशी समजली जाते, पण तिच्यातली स्पायरॅलिस आपल्याकडे उगवते आणि कॉग्नाटा तर कोकणची म्हणूनच ओळखली जाते. उन्हाळ्याच्या तोंडी तिची पानं विरघळली तर झाड उपटू नका, मुळं जिवंत असतात, नवी पानं येतात. आणि रानातून मात्र ती कुणी उपटून आणू नये.

स्थानिक म्हणजे सगळं चालतं असंही नाही. आंबोलीतल्या हिरण्यकेशीच्या उगमाशी २०२० मध्ये नोंदला गेलेला शिस्टुरा हिरण्यकेशी हा मासा आपल्याच जिल्ह्यातला. पण आंबोली सुमारे सातशे मीटर उंचावर, तिथलं पाणी गार. २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसास्थळ झाली. तो मासा तिथेच राहिला पाहिजे. मालवणच्या टाकीत तो पहिल्या उन्हाळ्यातच जाईल.

आता सरकारी बाजू. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मत्स्यपालनासाठी ३ लाखांच्या प्रकल्पावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान आहे. देशात या धंद्याचं मोठं केंद्र कोलकात्याच्या आसपास. तिथे जानेवारीच्या रात्री पारा चौदावर येतो आणि पैदास मंदावते. आपल्याकडे बारा महिने हीटरविना पिल्लं निघतात. ज्या उबेला आपण चिलर लावायला निघालो आहोत, ती या धंद्यात भांडवल आहे. कोकण कृषी विद्यापीठाचं मुळद्याचं केंद्र शोभिवंत माशांचं प्रशिक्षण देतं. तिथे किनारपट्टीच्या तापमानात तगणाऱ्या माशांची आणि झाडांची यादी तयार व्हावी, कोकणातल्या पाणवनस्पतींची रोपं रोपवाटिकेत वाढवून विकली जावीत, आणि प्रकल्प अहवाल करताना पुण्या-कोल्हापूरचा नमुना किनाऱ्यावरच्या बायकांच्या हातात ठेवू नये.

दुकानदारांनी हीटर मागितल्याशिवाय देऊ नये. आणि घेणाऱ्याने मासे निवडण्याआधी पन्नास-शंभर रुपयांचा थर्मामीटर घ्यावा, पाणी भरलेल्या, पण मासे न सोडलेल्या टाकीत तो आठवडाभर ठेवून सकाळ-संध्याकाळ आकडा लिहावा, आणि तो कागद घेऊनच दुकानात यावं. त्या आकड्याला जो मासा मानवेल, तोच मी देईन.